तागाची गोण, अंबाडीचा दोर, बांबूचा कागद

अन्नधान्य भरण्याची पोती तागाचीच असली पाहिजेत, असा कायदा या देशात १९८७ सालापासून आहे. बैलाचे दावे अंबाडीच्या वाखाचेच असावे, असा कायदा कधी झाला नाही. आणि शाळकरी मुलाच्या वहीचा कागद बांबूपासूनच व्हावा, असाही नियम नाही. तरीही या तिन्ही वस्तूंची कथा एकाच जातीची आहे. शेतात किंवा रानात एक वनस्पती वाढते. तिच्या खोडातला वा पानातला तंतू माणूस काढून घेतो. त्या तंतूची गोण, दोर किंवा कागद होईपर्यंत तो इतक्या हातांतून जातो की, ग्राहक अखेरीस जी किंमत मोजतो तिच्यातला मूळ उत्पादकाचा वाटा शोधूनच काढावा लागतो.

गेल्या काही वर्षांत प्लास्टिकविरुद्ध लोकमत जागे झाले आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आली. साहजिकच ताग, अंबाडी, घायपात, काथ्या व बांबू यांचे दिवस आता पालटणार, असे सांगितले जाऊ लागले. मागणी वाढली की पिकवणाऱ्याचे भले होते, असे यामागचे गृहीतक आहे. ते कितपत खरे, हे या तीन तंतूंच्या इतिहासावरून तपासून पाहता येते.

तंतुपिकांचा स्वभाव

धान्य आणि तंतू यांत एक मूलभूत फरक आहे. ज्वारी पिकवणारा शेतकरी बाजार पडला तर निदान काही ज्वारी घरी खाऊ शकतो. ताग किंवा कापूस पिकवणाऱ्याला ती सोय नाही. तंतूला असणारी मागणी ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत व्युत्पन्न मागणी होय. ती कापडाच्या, पोत्याच्या किंवा कागदाच्या मागणीतून निघते. मध्ये गिरणी असते, गिरणीच्या अलीकडे व्यापारी असतो, आणि गिरण्या थोड्या व विक्रेते लाखो, अशी बाजाराची रचना असते.

दुसरी गोष्ट अशी की, तंतूचे बहुतेक मोल पीक निघाल्यानंतर निर्माण होते. विदर्भातल्या शेतकऱ्याने विकलेल्या शंभर किलो कपाशीतून साधारण एकतृतीयांश रुई निघते. उरते ती सरकी. रुईचे सूत, सुताचे कापड, सरकीचे तेल आणि तेलानंतरची पेंड या सगळ्या पायऱ्या शेताच्या बांधापलीकडच्या आहेत. पेंड तर गुरांसाठी पुन्हा विकत घेण्याची पाळी शेतकऱ्यावरच येते. १९७२ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेमागे हीच जाणीव होती: मध्यस्थ बाजूला सारला तर पुढच्या पायऱ्यांवरचे मोल काही अंशी मागे आणता येईल. योजनेचे पुढे काय झाले हा स्वतंत्र विषय आहे. पण तिने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता.

संरक्षण मिळालेला ताग

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला ताग किंवा बोरू म्हणतो आणि फुलावर येताच जमिनीत गाडून हिरवळीचे खत करतो, ते निराळे, डाळवर्गीय पीक. गोणपाटाचा ताग हा बंगालचा; बंगालीत त्याला ‘पाट’ म्हणतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील गाळाची जमीन, दमट उष्ण हवा आणि मुबलक साचलेले पाणी या तीन गोष्टींवर तो जगतो.

तागाच्या उद्योगाचा जन्म युद्धातून झाला. १८५३ ते १८५६च्या क्रिमियन युद्धामुळे रशियातून येणारा जवस व भांग यांचा तंतू ब्रिटनला दुर्मीळ झाला आणि स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्या बंगाली तागाकडे वळल्या. देवमाशाच्या तेलाने तागाचा राठ तंतू मऊ करून यंत्रावर कातण्याची युक्ती तेथे साधली होती. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे भारतातील पहिली ताग गिरणी निघाली आणि हुगळीचे दोन्ही काठ हळूहळू धुराड्यांनी भरून गेले. १९४७च्या फाळणीने या व्यवसायाचे दोन तुकडे केले: लागवडीचा बहुतांश प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला आणि गिरण्या भारतात राहिल्या. सप्टेंबर १९४९मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. पाकिस्तानने केले नाही. कच्चा ताग एकाएकी महागला आणि दोन्ही देशांतील व्यापार ठप्प झाला. तेव्हा पश्चिम बंगाल, बिहार, आसाम व ओरिसा येथे तागाची लागवड नेटाने वाढविण्यात आली आणि आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावरची अंबाडीही तागाला पूरक म्हणून गिरण्यांत जाऊ लागली.

पुढचे संकट प्लास्टिकच्या पोत्याचे. ते हलके, स्वस्त आणि पाण्याला दाद न देणारे. त्याच्यापुढे ताग टिकणार नाही हे दिसू लागताच १९८७चा कायदा झाला व ठरावीक वस्तू तागाच्याच बारदानात भरण्याची सक्ती आली. प्रारंभी सिमेंट व रासायनिक खतेही त्याच्या कक्षेत होती. ती पुढे वगळली गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. आज अन्नधान्याच्या बाबतीत ही सक्ती शंभर टक्के आणि साखरेच्या बाबतीत वीस टक्के आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा या कायद्याशी येणारा संबंध एवढाच, आणि तोही नाखुशीचा.

केंद्र सरकारच्याच सांगण्यानुसार ताग उद्योगाच्या उत्पादनापैकी सुमारे पाऊण हिस्सा पोत्यांचा आहे आणि त्या पोत्यांपैकी सुमारे ८५ टक्के सरकारी धान्यखरेदी यंत्रणा घेतात. सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबे या पिकाशी निगडित असल्याचे सरकारी निवेदनांत सांगितले जाते. इतके भक्कम संरक्षण फार थोड्या पिकांना लाभले असेल. मग तागाचा शेतकरी सुखी असावयास हवा होता.

वस्तुस्थिती काय आहे? वसंतात पेरलेला ताग सुमारे चार महिन्यांत कापणीला येतो. कापलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधून त्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजत ठेवाव्या लागतात. नंतर कंबरभर पाण्यात उभे राहून मजूर ताटावरचा तंतू हाताने सोलतात. पाणी कमी किंवा गढूळ असेल तर तंतू काळा पडतो, प्रत उतरते आणि भावही उतरतो. म्हणजे शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बियाण्यापेक्षाही गावच्या तळ्यातील पाण्यावर अवलंबून असते. कुजवण्याचा काळ घटविणारे जिवाणू-मिश्रण बराकपूर येथील केंद्रीय संशोधन संस्थेने तयार केले आहे व २०१५पासून ते शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची योजनाही चालू झाली. परंतु स्वच्छ पाणी आणि मजूर यांची उणीव मिश्रणाने भरून निघत नाही.

भावाची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०२१-२२च्या हंगामासाठी कच्च्या तागाचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ४,५०० रुपये होता. २०२०च्या अम्फान वादळाने आधीच्या पिकाचे नुकसान झाले होते. टंचाईने बाजारभाव आधारभूत भावाच्या फार वर गेले. तेव्हा ३० सप्टेंबर २०२१पासून ताग आयुक्तांनी ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. या भावात माल मिळतच नाही अशी गिरण्यांची तक्रार झाली, काही गिरण्या बंद पडल्या, आणि अखेर २० मे २०२२ रोजी मर्यादा उठविण्यात आली. तोवर पीक निघून आठ-नऊ महिने झाले होते. घरात पैसा हवा म्हणून कापणीनंतर लगेच माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्या उठविण्याचा काय उपयोग?

या घटनाक्रमात संरक्षणाचे खरे रूप दिसते. भाव पडला तर १९७१ साली स्थापन झालेल्या ताग महामंडळाने खरेदीस उतरावे, अशी व्यवस्था आहे. पण खरेदी केंद्र गावापासून दूर असते आणि प्रत कोणती हे तेथे ठरते. भाव चढला तर मात्र मर्यादा घालण्यास एक अधिसूचना पुरते. तळ पोकळ आणि छत मजबूत, अशा घरात राहणाऱ्याची जी स्थिती, ती तागाच्या शेतकऱ्याची आहे. २०२५-२६साठी आधारभूत भाव ५,६५० रुपयांवर नेण्यात आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याने बाजार राखून ठेवला तो पोत्याचा. तंतूचा बाजार जसा होता तसाच राहिला.

वाऱ्यावर सोडलेला दोर

तागाच्या नेमक्या उलट नशीब महाराष्ट्रातील दोराचे. अंबाडी बहुतेकांना ठाऊक असते ती भाजीमुळे. पण ज्वारीच्या कडेने अंबाडीच्या ओळी घेण्यामागे भाजीइतकाच वाखाचाही हेतू असे. ताटे भिजवून, सोलून, झोडून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. बांधावरच्या घायपाताच्या पानांतूनही वाख निघे. कासरा, दावे, वेसण, म्होरकी, मुसके, शिंके, मोटेचा नाडा, चऱ्हाट: शेतकऱ्याच्या घरात दोराला जितकी नावे होती तितके त्याचे उपयोग होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात जे बलुतेदारीचे जग आले आहे, त्यात गावाला दोरखंड पुरविण्याचे काम मातंग समाजाकडे असे.

त्या जगाबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. बलुते म्हणजे कामाची किंमत नव्हती. सुगीच्या खळ्यावर मिळणारे धान्य दोराच्या लांबीवर किंवा मजबुतीवर ठरत नसे. ते रूढीवर आणि देणाऱ्याच्या मर्जीवर ठरे. जातीने नेमून दिलेला धंदा सोडण्याची मुभा नव्हती आणि त्याच धंद्यामुळे माणूस हीन लेखला जाई. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले कौशल्य, पण त्याला ना बाजार ना मान, अशी ही व्यवस्था होती.

ती मोडली, पण कोणी मोडायची ठरवून मोडली नाही. विहिरीवर इंजिन व विजेचा पंप आला आणि मोट गेली. मोटेबरोबर नाडा गेला. ट्रॅक्टर आला आणि बैलजोड्या घटल्या. बैलांबरोबर कासरा आणि वेसण गेली. उरलेली गरज नायलॉनच्या व प्लास्टिकच्या दोराने भागविली. तो कुजत नाही, उंदीर त्याला सहसा कुरतडत नाहीत, आणि तालुक्याच्या दुकानात तो हवा तितका मापून मिळतो. शेतकऱ्याने तो घेतला यात त्याचा दोष नाही. बैलाच्या मानेला तो काचतो, त्याचे तुकडे शेतात वर्षानुवर्षे पडून राहतात, हे खरे; पण हा खर्च दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेला नसतो.

बाजारात दोन प्रकारच्या किमती असतात: एक खरेदीदार भरतो ती, आणि दुसरी समाज भरतो ती. तुंबलेले नाले, गुरांच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या, मातीत मिसळणारे तुकडे ही प्लास्टिकची दुसरी किंमत होय. ती पहिल्या किमतीत धरली जात नाही म्हणून प्लास्टिक स्वस्त दिसते आणि वाख महाग. हिशेबाची ही वही अपुरी असताना ‘स्पर्धेत जे टिकेल ते टिकेल’ असे म्हणणे म्हणजे एका पैलवानाचे पाय बांधून कुस्ती लावण्यासारखे आहे.

मराठीत म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. महाराष्ट्रातील दोराच्या धंद्यात मात्र ज्या हातांना पीळ देता येत होता त्या हातांना दुसरे काम शोधावे लागले. अनेकांना ते शहरातील अंगमेहनतीच्या मजुरीतच मिळाले. पोळ्याला आजही बाजारात रंगीत दोर येतात. त्यांतले बरेचसे कारखान्यातून आलेले असतात.

बांबूचा हक्क

तिसरी कथा कागदाची. बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत. पण १९२७च्या वन अधिनियमाने त्याची गणना वृक्षात केली. त्यामुळे जंगलातला बांबू वन खात्याचा झाला आणि स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेण्यासही परवान्याची कटकट उभी राहिली. दुसरीकडे, बांबूपासून कागद करणाऱ्या उद्योगाला १९२५ सालीच खास कायद्याने आयात जकातीचे संरक्षण मिळाले होते. स्वातंत्र्यानंतर कागदाची गरज वाढली, चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरसारखी केंद्रे उभी राहिली, आणि देशात ठिकठिकाणी वनक्षेत्रातील बांबू कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीच्या दरात देण्यात आला. सूप, टोपली, तट्ट्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू मिळविण्यासाठी कूपावर रांग लावावी लागे. एकाच वनस्पतीला दोन गिऱ्हाइके होती. मोठ्याला ती स्वस्त होती आणि लहानाला महाग. १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणाने उद्योगांना सवलतीच्या दराने वनोपज देण्याची प्रथा बंद व्हावी असे स्पष्ट म्हटले, यावरून ती प्रथा किती रुळलेली होती याची कल्पना येते.

या चित्रात बदल झाला तो बाजारामुळे नव्हे, तर हक्कामुळे. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि त्यावर वनवासी ग्रामसभांची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. कागदावर हक्क मिळाला तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वन खाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. बांबू कोणता तोडायचा, किती ठेवायचा, कोणाला विकायचा हे तेव्हापासून गाव ठरवू लागले. हळूहळू जिल्ह्यातील इतर ग्रामसभाही त्या वाटेने गेल्या. २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबूही मोकळा झाला.

अर्थात हक्क म्हणजे सर्व काही नव्हे. तोडणीची मजुरी आधी द्यावी लागते, बांबू विकला जातो नंतर. मधल्या काळाचे भांडवल ग्रामसभेजवळ नसेल तर जुना कंत्राटदार नव्या वेषात परत येतो. आजच्या कागद उद्योगाचा मोठा भाग रद्दीवर आणि लागवडीच्या लाकडावर चालतो. तेव्हा केवळ गिरणीच्या भरवशावर बांबूची किंमत टिकेल असे नाही. तरीही एक फरक पडला आहे. पूर्वी बांबू तोडणारा मजूर होता. आता तो विक्रेता आहे, आणि विक्रेत्याला सौदा नाकारता येतो.

तीन कथांचे तात्पर्य

तागाला बाजार मिळाला, हक्क मिळाला नाही. दोराला दोन्ही मिळाले नाहीत. बांबूला हक्क मिळाला आणि बाजार अजून शोधावा लागत आहे. प्लास्टिकबंदीमुळे तंतुपिकांची मागणी वाढली तरी तिचा लाभ आपोआप शेतापर्यंत झिरपेल, हे गृहीतक या इतिहासाने खोटे ठरविले आहे. लाभ जेथे अडतो ती जागा प्रत्येक वेळी एकच असते: तंतू वेगळा करण्याची आणि त्याची प्रत ठरविण्याची पायरी. ती ज्याच्या हाती, मोल त्याच्या हाती.

तेव्हा धोरणाची दिशा स्पष्ट आहे. तागासाठी पोत्यांची सक्ती जरूर राहावी. पण सरकार पोत्याला जी किंमत देते ती देताना कच्चा माल आधारभूत भावापेक्षा कमी दराने घेतलेला नाही याची अट गिरण्यांवर घालता येईल. कुजवण्याची सार्वजनिक तळी आणि गावपातळीवर प्रत ठरविण्याची सोय यांवर होणारा खर्च हा भावातल्या वाढीइतकाच शेतकऱ्याच्या कामी येईल. महाराष्ट्रात घायपात व अंबाडी ही कोरडवाहू, पडीक जमिनीवर येणारी पिके आहेत. वाख काढण्याचे लहान यंत्र गावातील महिला बचतगटाच्या किंवा सहकारी संस्थेच्या मालकीचे असेल, आणि शासकीय कृषिक्षेत्रे, दुग्धशाळा व नगरपालिका आपल्या दोरांची, सुतळीची, पिशव्यांची काही खरेदी अशा संस्थांकडून करतील, तर या धंद्याला जातीचे जोखड नसलेला नवा जन्म मिळू शकेल. बांबूच्या बाबतीत ग्रामसभांना खेळते भांडवल आणि प्रक्रियेचे प्रशिक्षण हवे आहे.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. अशा संरक्षणाचा भार अखेर करदात्यावर किंवा ग्राहकावर पडतो. शिवाय राखीव बाजाराची सवय लागली की उद्योग आळशी होतो. ताग गिरण्यांच्या बाबतीत हे घडले आहे. हमखास सरकारी गिऱ्हाईक असल्याने अनेक गिरण्या गोणीपलीकडे गेल्या नाहीत. पण यातून संरक्षण नको असे निष्पन्न होत नाही. ते विनाअट नको, एवढेच निष्पन्न होते. सवलतीची किंमत समाज मोजणार असेल तर ती कोठवर पोचली हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

बाजारातून कापडासारखी दिसणारी पिशवी घरी आणताना आपण निसर्गाचे व शेतकऱ्याचे भले केले, असे समाधान अनेकांना वाटते. ती पिशवी पुष्कळदा कापडाची नसतेच. कापडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या तंतूची असते. आणि ती खरोखर तागाची वा सुताची असली, तरी तिच्या किमतीतला किती भाग पाण्यात उभे राहून तंतू सोलणाऱ्यापर्यंत गेला, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पिशवीवर छापलेले नसते. ते खरेदीच्या नियमांत, सहकारी संस्थांच्या हिशेबवह्यांत आणि ग्रामसभांच्या ठरावांत लिहावे लागते.